वॉटसन्स हॉटेल: काळ्या घोड्याजवळची लोखंडी इमारत

मुंबईच्या काळा घोडा परिसरातील एस्प्लनेड मॅन्शन ही पाच मजली इमारत १८७१ साली वॉटसन्स हॉटेल म्हणून सुरू झाली. देशात आज उभ्या असलेल्या बिडाच्या इमारतींमध्ये ती सर्वांत जुनी मानली जाते.

हॉटेलाचे मूळ कापसात आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, त्यांची मागणी भारतीय कापसाकडे वळली आणि मुंबईत अचानक पैशाचा पूर आला. याच काळात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याची तटबंदी पाडून मोकळ्या झालेल्या जमिनीचे भूखंड विक्रीस काढले. जॉन वॉटसन या इंग्रज कापड व्यापाऱ्याने त्यांतली एस्प्लनेडवरची जागा घेतली.

आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा होता. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या कामात त्याचा हात होता. पुढे सेंट पँक्रस स्थानकाचे छप्पर आणि अल्बर्ट पूल यांच्याशीही त्याचे नाव जोडले गेले. सांगाड्याचे भाग इंग्लंडमध्ये ओतून, घडवून जहाजाने मुंबईला आणले गेले आणि १८६७ ते १८६९ या काळात येथे जोडले गेले. विटा, सिमेंट आणि फरशाही विलायतेहूनच आल्या. कुर्ल्याचा दगड हाताशी असलेल्या शहरात हा हट्ट जरा अजबच म्हणावा लागेल.

बांधकामाची पद्धत मात्र काळाच्या पुढची होती. त्या वेळच्या मोठ्या इमारतींचा भार जाड भिंती पेलत. येथे तो बिडाच्या खांबांवर आणि घडीव लोखंडाच्या तुळयांवर आला. विटांच्या भिंतींना फक्त मधल्या चौकटी भरायच्या होत्या. शिवाय सांगाडा गिलाव्याखाली न दडवता बाहेरून तसाच दिसू दिला होता. गगनचुंबी इमारतींची सुरुवात म्हणून सांगितली जाणारी शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग १८८५ची, म्हणजे याच्यानंतरची.

हॉटेलात सुमारे १३० खोल्या होत्या. तळमजल्यावर उपाहारगृह आणि मद्यालय, मध्यभागी काचेच्या छताचे दालन आणि प्रत्येक मजल्याला रस्त्याकडेच्या सलग गॅलऱ्या. सुरुवातीला वाढपी म्हणून इंग्रज तरुणीही आणल्या होत्या. १८९६च्या जानेवारीत मार्क ट्वेन येथे उतरला. ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या प्रवासवर्णनात त्याने या मुक्कामातल्या कावळ्यांचे जे वर्णन केले आहे, ते हॉटेलाच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त वाचले गेले असेल.

त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंचा प्रतिनिधी मारियुस सेस्तिए याने येथे सहा छोटे चलत्‌चित्रपट दाखवले. तिकीट एक रुपया होते. पॅरिसमधल्या पहिल्या जाहीर खेळाला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. भारतातील हा पहिला चित्रपट-खेळ. आठवडाभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले आणि तेथे सर्वसाधारण प्रेक्षकांना ते पाहता आले. १८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी कुस्तीचे चित्रण केले, ते याच लाटेतून.

वॉटसन्समध्ये जमशेटजी टाटांना प्रवेश नाकारला गेला आणि त्या रागातून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही गोष्ट सर्वतोमुखी आहे. तिला समकालीन आधार मिळत नाही. टाटांचे स्नेही व ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोव्हॅट फ्रेझर यांनी वेगळे कारण नोंदवले: लोकांना भारताकडे ओढून घ्यावे आणि मुंबईची शान वाढावी, हा टाटांचा हेतू होता. वॉटसन्स मुख्यतः गोऱ्यांचे होते, यात मात्र वाद नाही. १६ डिसेंबर १९०३ रोजी विजेचे दिवे आणि लिफ्ट असलेले ताज सुरू झाले, आणि वॉटसन्सची उतरती कळा लागली. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच हॉटेल बंद पडले.

१९४४ साली इमारतीचे नाव महेंद्र मॅन्शन झाले, नंतर एस्प्लनेड मॅन्शन. उच्च न्यायालय आणि सत्र न्यायालय जवळ असल्याने वकिलांनी येथे कार्यालये थाटली. मोठ्या खोल्यांत फळ्यांची आडभिंत घालून गाळे पाडले गेले, काचेचे दालन बुजले. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. एवढ्या भाड्यात लोखंडाला वेळच्या वेळी रंग देणेही मालकाला परवडण्यासारखे नव्हते. समुद्राच्या खाऱ्या हवेने उरलेले काम केले.

२००५ साली जागतिक स्मारक निधीने जगातील धोक्यात असलेल्या शंभर वास्तूंच्या यादीत इमारतीचा समावेश केला. त्याच वर्षी १ जुलैला गॅलरीचा काही भाग कोसळून एकाचा मृत्यू झाला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईच्या तपासणीचा कल पाडून टाकण्याकडे होता. वारसा संवर्धनातील वास्तुविशारद व अभियंत्यांनी त्याला विरोध केला. भार सांगाड्यावर असल्याने गंजलेले भाग बदलून मूळ चौकट वाचवता येते, असे त्यांचे म्हणणे होते.