मुक्कामाचे देणे



प्रवासाचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा वाटेचा इतिहास लिहितात. कोणता घाट कुठे उतरतो, कोणत्या बंदरावरून कोणता माल कुठल्या पेठेत गेला, याचे नकाशे काढतात. आम्ही कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालविलेली माणसे. विद्यापीठाची पायरी आम्ही चढलो नाही. जे वाचले ते सभा आणि संप यांच्या मधल्या वेळात वाचले. त्या वाचनातून एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. ती अशी की, तांडा वाटेने चालतो हे खरे, परंतु वाट कुठून जाणार हे ठरते मुक्कामावरून. संध्याकाळी बैलाला पाणी कुठे मिळेल, या प्रश्नाचे उत्तर जिथे सापडले तिथून रस्ता गेला. म्हणून आजचा आमचा विषय वाटेचा नसून मुक्कामाचा आहे. आणि तो आपल्या जवळच्या मुलखाचा, म्हणजे तळेघर, आंबेगाव आणि जुन्नर या पट्ट्याचा आहे.

तळेघर आपल्यापैकी बहुतेकांनी भीमाशंकरला जाताना पाहिले असेल. सह्याद्रीच्या माथ्याजवळचे, आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेचे हे गाव. भोवती महादेव कोळ्यांच्या वाड्या. भात, नाचणी, वरई ही पिके. आणि हिरडा गोळा करून विकणे हा जोडधंदा. गावाच्या नावात तळे आहे आणि घरही आहे. मुक्कामाला लागणाऱ्या पहिल्या दोन गोष्टी याच होत. पश्चिमेस कडा तुटून कोकण सुरू होते. त्या कड्यावरून आहुप्याचा घाट उतरतो, भीमाशंकरचे गणेश घाट आणि शिडी घाट खांडसकडे उतरतात, आणि उत्तरेला जुन्नर तालुक्यात नाणेघाट उतरतो. भीमाशंकरचा घाट चढून देशाकडे निघालेल्याला एक तर तळेघरच्या माथ्यावरून जावे लागे, नाही तर खालच्या खोऱ्यांची वाट धरावी लागे. १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये हे घाट एकामागून एक नोंदविलेले आहेत. त्यांतले बहुतेक गाडीचे नव्हेत. ते पाठीवर गोणी घेतलेल्या बैलाचे आणि डोक्यावर ओझे घेतलेल्या माणसाचे घाट होते.

आता कल्पना करा की, आपण तांड्याचे नायक आहोत. कोकणातून मीठ भरले आहे, पहाटे घाटाला लागलो आहोत, आणि माथ्यावर येईतो जनावराच्या तोंडाला फेस आला आहे. येथे कुठे थांबायचे? नायकाला चार गोष्टी पाहाव्या लागत. पहिली पाणी, दुसरी चारा, तिसरी राखण आणि चौथी ऋतू. यांपैकी एक जरी चुकली तरी माल जाई, नाही तर जीव जाई.

तांड्याला आपल्या जुन्या भाषेत सार्थ म्हणत आणि त्याच्या नायकाला सार्थवाह. डॉ. मोतीचंद्र यांनी १९५३ साली याच नावाचा एक मोठा हिंदी ग्रंथ लिहून प्राचीन भारतातील वाटांचा इतिहास मांडला. आणि पाली जातककथांचा संग्रह उघडला तर त्यातली अगदी पहिली कथा दोन सार्थवाहांचीच निघते. दोघांपाशी पाचशे पाचशे गाड्या. एकाच वेळी निघालो तर वाटेवर चारा-पाणी पुरणार नाही, तेव्हा पुढे कोणी जावे? पहिला म्हणतो, मी पुढे जातो. मला ताजे गवत मिळेल, न तुडवलेली वाट मिळेल. दुसरा शहाणा आहे. तो म्हणतो, पुढे जाणारा खाचखळगे बुजवील, जून गवत त्याचे बैल खातील आणि माझ्या बैलांना कोवळा फुटवा मिळेल; पाणी नाही तिथे तो विहिरी खणील आणि आम्ही त्यांचे पाणी पिऊ. पुढे ओसाड रानात एक यक्ष ओल्या कपड्यांनी, कमळे घेऊन समोर येतो आणि सांगतो की, पुढे पाऊस पडतो आहे, पाण्याचे ओझे कशाला वाहता? पहिल्याने घागरी ओतून दिल्या आणि त्याचा सगळा तांडा मेला. दुसऱ्याने आपल्या माणसांना विचारले, ढग कुणी पाहिला काय? गार वारा कुणाला लागला काय? नाही ना, मग थेंबही सांडू नका. रात्री त्याने बैल मध्ये घेतले, भोवती माणसे झोपविली आणि स्वतः तलवार घेऊन उभा राहिला.

मुक्कामाचे सारे शास्त्र या कथेत आलेले आहे. परंतु तिच्यातले एक वाक्य आम्हाला अधिक मोलाचे वाटते: पुढचा विहीर खणतो आणि मागचा पाणी पितो. शहाण्याचे शहाणपण मेलेल्यांच्या कष्टावर उभे आहे, हे कथा सांगत नाही. ते आपणच वाचायचे असते.

जातकातली विहीर कथेतली आहे. आपल्या मुलखातली विहीर मात्र दगडातली आहे आणि ती आजही डोळ्यांनी पाहता येते. नाणेघाटाच्या तोंडाशी एक कोरीव दालन आहे. त्याच्या भिंतींना लागून बसायला दगडी बाके आहेत. भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे. यज्ञात दिलेल्या हजारो गाई, घोडे, कार्षापणे यांचे आकडे त्यात आहेत. आणि भारतातील संख्याचिन्हांचे हे एक फार जुने नमुने मानले जातात. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका अशा राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज त्यांचे पाय आणि नावे एवढीच उरली आहेत. दमलेला माणूस जिथे टेकतो, तिथेच राज्यकर्ता आपली जाहिरात लावतो. ही रीत दोन हजार वर्षांची जुनी आहे असे दिसते. गिरणीच्या फाटकाशी सभा घेणाऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

पण राजाचा लेख वाचून झाल्यावर जरा बाजूला पाहावे. घाटात पाण्याची टाकी आहेत. त्या काळच्या प्राकृतात टाक्याला पोढी म्हणत. सोपाऱ्याचा कोणी गोविंददास आपली पोढी हे देयधम, म्हणजे द्यावयाचे धर्मदान, असे तिथे कोरून ठेवतो. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा, त्या काळचे मोठे बंदर. बंदरावरचा माणूस घाटमाथ्यावर पाण्याचे टाके का खोदवितो? कारण वाट त्याच्या उपयोगाची आहे. आज त्याला पाणी मिळाले. उद्या येणाऱ्याला ते मिळावे.

घाट चढून जुन्नरला या. तुळजा, शिवनेरी, मानमोडी आणि लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास कोरीव लेणी आहेत. त्यांतील लेखांत दात्यांची जी गावे येतात, ती पाहिली म्हणजे व्यापाराचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दिले. भडोचचे लोक एक लेणे देऊन गेले. शिवनेरीवर इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या, तर चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. मानमोडीला नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी एक पोढी आणि एक मंडप दिला. आणि धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. राजाचा अधिकारी, परदेशी माणूस, बंदरावरचा धनिक आणि धान्यवाल्यांची संघटना, या सर्वांना एकच गोष्ट सुचावी, ती म्हणजे पाणी आणि निवारा, हा काही योगायोग नव्हे.

ही लेणी भिक्षूंसाठी होती, हे खरे. परंतु ती घाटांच्या तोंडाशी का? याचा उलगडा पुण्याच्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी केला. १९५६ च्या आपल्या इतिहासग्रंथात आणि १९६२ च्या निबंधसंग्रहात त्यांनी विहार आणि व्यापारी वाटा यांचा संबंध उलगडून दाखविला. आणि तो ग्रंथालयात बसून नव्हे, तर या डोंगरांत पायी हिंडून. पावसाळ्याचे चार महिने घाट बंद. या माथ्यावरचा पाऊस आपणास ठाऊक आहे. भिक्षूंनीही वर्षावास करावयाचा तो याच काळात, एका जागी. तांड्याला विहारात आसरा होता, वाटेची बातमी होती आणि पैशाचा विश्वास होता. जुन्नरच्याच एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. श्रेणी म्हणजे आजची कामगार संघटना, असे कुणी कुणी उत्साहाने सांगतात. तसे समजणे चूक आहे. श्रेणी ही कसब आणि भांडवल दोन्ही हाताशी असलेल्यांची संस्था होती. टाके खोदणाऱ्या पाथरवटाचे, गोणी वाहणाऱ्या हमालाचे नाव या यादीत शोधूनही सापडत नाही.

तरीही आम्ही या लेखांना तुच्छ मानीत नाही. त्यांतला देयधम हा शब्द आम्हाला फार अर्थपूर्ण वाटतो. मुक्कामाला आलेला माणूस काही तरी देणे लागतो, हा विचार त्यात आहे. तो नुसता घेऊन गेला तर पुढच्या वर्षी मुक्काम उरत नाही. अन्य देशांतही हेच दिसते. मध्य आशियातल्या वाळवंटी वाटांवर दिवसाच्या मजलेगणिक सराया उभ्या राहिल्या. शेरशहाने आपल्या हमरस्त्यांवर दोन-दोन कोसांवर सराया बांधल्याचे त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. आणि अहिल्याबाई होळकरांच्या धर्मशाळा, विहिरी व घाट देशभर पसरले आहेत. तात्पर्य, मुक्काम आयता सापडत नसतो. तो कुणी तरी बांधलेला, खोदलेला, राखलेला असतो.

हे जग मोडले ते तलवारीने नव्हे, तर चाकाने. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला. १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी धावू लागली. पाठीवर गोणी वाहणाऱ्या बैलाचे भाडे चाकाच्या भाड्यापुढे टिकले नाही. नाणेघाटासारख्या वाटा ओस पडत गेल्या. ज्या लमाण तांड्यांनी १८०३ च्या युद्धात वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरविले, त्यांची ओझी गेली. आणि १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. जिथे त्यांची वाट पाहिली जाई, तिथे आता त्यांच्या मुक्कामाला पोलिसांची परवानगी लागू लागली. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. ओझे वाहणाऱ्याला कायद्याने माणूस म्हणून ओळखण्यासाठी महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा यावा लागला. आणि तोही हमालांनी झगडून मिळविला.

असो. आता तांडा पुन्हा येतो आहे. त्याचे नाव बदलले आहे. चाकांवरचे घर, आत बिछाना, स्वयंपाकाची शेगडी आणि न्हाणीघर. याला आज कॅरव्हॅन म्हणतात. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यात गाड्यांबरोबर त्या उभ्या करण्याच्या तळांचाही विचार आहे. लोकांनी डोंगर पाहावेत, मुलाबाळांना नाणेघाट दाखवावा, यात वाईट काहीच नाही. आम्हाला त्याचा आनंदच आहे. आमचा प्रश्न जुनाच आहे: तळ कुठे पडणार आणि पाणी कुणाचे?

कारण तळेघरच्या माथ्यावर पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात त्याच डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायका हंडा घेऊन लांब चालतात. खाली घोड नदीवर डिंभे धरण आहे. तालुक्याला ज्याने नाव दिले ते जुने आंबेगाव त्याच्या पाण्याखाली गेले. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचे नाव आहे. तो याच तालुक्यातील म्हाळुंगे पडवळचा, मुंबईच्या गिरणीतला कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. पाणी खालच्या शेतांना मिळाले, ते मिळावेच. परंतु वरच्याचा हंडा रिकामा राहावा, हे त्या नावाला शोभत नाही. आणि ऋतूचा प्रश्नही जुनाच आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच तालुक्यातले माळीण गाव डोंगराच्या मातीखाली गेले आणि सुमारे दीडशे माणसे गाडली गेली. पावसाळ्यात कोणत्या उतारावर तळ टाकू नये, हे त्यानंतर तरी कुणाला सांगायला लागू नये.

म्हणून तळ निवडणाऱ्यांसाठी आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, गावाला आधी विचारा. या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी गावे अनुसूचित क्षेत्रात येतात आणि १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला मान दिलेला आहे. दुसरी, पावसाळ्यात उताराखाली आणि ओढ्याच्या काठी गाडी उभी करू नका. तिसरी, मुक्कामाच्या भाड्यातला ठरलेला वाटा पाण्यासाठी ठेवा. तो उपकार म्हणून नव्हे, देणे म्हणून. बुजलेले टाके उपसा, झरा बांधून काढा, वाडीपर्यंत नळ न्या. तळावर राबणाऱ्या गावच्या माणसाला मजुरी रोख आणि ठरल्याप्रमाणे द्या.

सोपाऱ्याचा गोविंददास श्रीमंत होता की बेताचा, हे त्याच्या दगडाने सांगितले नाही. त्याने एवढेच सांगितले की, तो या वाटेने आला आणि पाणी ठेवून गेला. आपणही या डोंगरात जाल तेव्हा मुक्काम खुशाल करा. मात्र उठताना मागे काय ठेवले, ते एकदा वळून पाहा.