कंपनीला जमीन, आम्हाला कलम

मुळशी सत्याग्रह म्हटला की सेनापती बापटांचं नाव येतं. यायलाच पाहिजे. पण मित्रहो, इतिहास नेहमी पुढाऱ्याच्या डोक्यावरून लिहिला जातो. आपण तो जरा पायाकडून वाचू. तिथं दिसतो कायदा.

पुणे जिल्ह्यात मुळशीला नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीला धरण बांधायचं होतं. पाणी घाटाखाली सोडायचं, भिऱ्याला वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची. पन्नासेक गावांवर नांगर फिरणार होता. कंपनीनं रीतसर भूसंपादन व्हायच्या आधीच मावळ्यांच्या शेतात चर खणायला घेतले. आपल्या रानात हे काय चाललंय म्हणून एक शेतकरी आडवा आला, तर गोऱ्या इंजिनिअरनं त्याच्यावर पिस्तूल रोखलं. दुसऱ्याच्या जमिनीत घुसून धाकदपटशा करणं हा त्या वेळच्या पिनल कोडात गुन्हाच होता. पण १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला आणि पुढं तुरुंगाची वाट तुडवली ती मावळ्यांनी. बायाबापड्याही गेल्या. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी कामगारांची गाडी अडवली. त्यांना ७ वर्षांची सजा झाली. १९२७ ला वीज सुरू झाली.

यात सरकारनं बेकायदा काही केलं असं समजू नका. खरी गोम इथंच आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात सातवा भागच मुळी कंपन्यांसाठी होता. कंपनीनं सरकारशी करार करायचा, काम लोकांच्या उपयोगाचं आहे असं सरकारचं समाधान करायचं, की सरकार आपल्या हातानं शेतकऱ्याची जमीन काढून तिच्या पदरात टाकणार. शेतकऱ्यानं काय करायचं? किंमत कमी पडली म्हणून कोर्टात भांडायचं. ‘मला जमीन द्यायचीच नाही’ असं म्हणायला त्या कायद्यात कोर्टाचं दारच ठेवलेलं नव्हतं.

आणि ‘लोक’ म्हणजे कोण हो? त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालायच्या. त्याच गिरण्यांच्या विणाई खात्यात महाराला मज्जाव होता. तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागतो, म्हणून विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपपुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला होता. म्हणजे धरण लोकांसाठी, गिरणी लोकांसाठी, फक्त आपण त्या लोकांत नव्हतो.

मुळशीच्या मावळ्यांतही दोन थर होते, तेही सांगितलं पाहिजे. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या घशात गेलेल्या. धरण अडवायचं की भरपाई वाढवून घ्यायची, यावर फूट पडली ती तिथूनच. भरपाई मिळणार ती कागदावर हक्क असलेल्याला. ज्याचा कागदच नाही, जो दुसऱ्याच्या बांधावर राबतो, त्या मजुराचं, कातकऱ्याचं गाव पाण्याखाली गेलं तरी कायद्याच्या लेखी त्याचं काहीच बुडालं नाही. महाराकडं वतनाचा तुकडा असलाच तर तो गावचाकरीच्या दाव्याला बांधलेला. भूसंपादनाच्या मूळ कायद्यात शेतमजुराला बाधित म्हणायला २०१३ साल उजाडलं.

आता दुसरं पारडं बघा. कंपनीनं जमीन मागितली तर सरकार शेतकऱ्याची कसती जमीन काढून देतं. भूमिहीनानं मागितली ती कुणाची कसती जमीन नव्हती, सरकारचीच पडीक होती. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. ३ लाखांवर माणसं तुरुंगात गेली. लेकरं कडेवर घेऊन बाया गेल्या. तुरुंग पुरेनात. पडीक रान नांगरून ज्वारी पिकवणं, पोरांची तोंडं जगवणं, याला ‘सार्वजनिक उपयोग’ म्हणावं असं कुठल्याच सचिवाला सुचलं नाही. त्याला अतिक्रमण म्हणतात.

पुढं सरकारनं १९९१ च्या नोव्हेंबरात निर्णय काढला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणं कायम करायची. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची, बरं का! पण पुरावा? तलाठ्याच्या दप्तरात अतिक्रमणाची वेगळी वही असते, नमुना १-ई. तिच्यात नाव पाहिजे, नाहीतर दंडाची पावती पाहिजे. कंपनी आपला करार दाखवून जमीन घेते. आमच्या म्हाताऱ्यानं ‘मी गुन्हेगार आहे’ असा सरकारी दाखला आणायचा, तेव्हा जमीन. ज्या तलाठ्यानं गावच्या पाटलाच्या भीडेपोटी नाव चढवलंच नाही, त्या गावातला माणूस वीस वर्षं कसूनही कोराच राहिला.

तेव्हा तुमच्या गावची १-ई वही बघायला मागा. तलाठी आज नाही, उद्या या म्हणेल. उद्या जा.