साखरेची अनुल्लेखित देणगी

१९५०च्या दशकात अमेरिकेत हृदयविकाराने थैमान घातले होते. दोष आहारातील चरबीचा की साखरेचा, हा शास्त्रज्ञांत वादाचा विषय होता. साखर उद्योगाच्या ‘शुगर रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेला हा वाद परवडणारा नव्हता. १९६५ साली तिचे अधिकारी जॉन हिक्सन यांनी हार्वर्ड विद्यापीठातील आहारतज्ज्ञांकडे झालेल्या संशोधनाचा आढावा सोपविला. मोबदला ६,५०० डॉलर.

व्यवहार पैशापाशी थांबला नाही. आढाव्याचा हेतू संस्थेने ठरविला, विचारात घ्यावयाचे लेख पुरविले आणि मसुदेही आधी वाचले. मॅकगँडी, हेगस्टेड व स्टेअर यांचा तो आढावा १९६७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. साखरेवर ठपका ठेवणाऱ्या अभ्यासांतील उणिवा त्यात बारकाईने दाखविल्या होत्या. चरबीविरुद्धच्या पुराव्याला मात्र तितकी कडक चाळणी नव्हती. इतर देणगीदारांचा उल्लेख होता, साखरवाल्यांचा नव्हता.

हे उघड व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. क्रिस्टिन कर्न्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय आणि हार्वर्ड येथील दप्तरांतून जुना पत्रव्यवहार शोधून तो प्रकरणासह मांडला. कर्न्स मूळच्या दंतवैद्य. साखरेचा माग दंतवैद्याने काढावा, हे ओघानेच आले! तोवर आढाव्याच्या तिन्ही लेखकांपैकी कोणीही हयात नव्हते.

न्यायाने बोलायचे, तर त्या काळी देणगीदार जाहीर करण्याचे बंधन नव्हते. त्या नियतकालिकाने ते १९८४ साली घातले. दुग्धव्यवसायही संशोधनाला पैसा पुरवीत असे, तेव्हा याला कारस्थान म्हणू नये, असे २०१८ साली जॉन्स व ओपनहायमर या अभ्यासकांनी लिहिले. आम्हांला हे अर्धेच पटते. उद्योगाचा पैसा घेतला म्हणजे विद्वान विकला गेला, असे नव्हे. परंतु मसुदा आधी देणगीदाराच्या टेबलावर गेला होता, हे कळले असते, तर त्या काळच्या डॉक्टरांनी तो आढावा निराळ्या नजरेने वाचला असता. तो हक्क त्यांना मिळाला नाही, आणि त्यांच्या सल्ल्याने ताट वाढणाऱ्या घरांनाही नाही.

याच संस्थेने पुढे इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे उंदरांवर साखरेचा प्रयोग करविला. निष्कर्ष गैरसोयीचे दिसू लागल्यावर १९७० साली पैसा थांबला. काम पुरे करण्यास शास्त्रज्ञाने आणखी बाराच आठवडे मागितले होते. ते निष्कर्ष कधीच छापले गेले नाहीत.