गोठत्या थंडींतील विद्युत्घट

कल्हईवाला तापलेल्या भांड्यांत जी पांढरी पूड टाकतो, तो नवसागर आपल्या परिचयाचा आहे. त्याचा थंडीशीं जुना संबंध आहे. सन १७२४ मध्यें फॅरनहाइट यानें आपल्या उष्णतामापकाचें जें शून्य प्रसिद्ध केलें, तें बर्फ, पाणी व नवसागर यांच्या मिश्रणावरून. शतांश मापानें तें उणे १८ च्या जवळपास येतें. पाण्यांत क्षार मिसळला म्हणजे तें शून्याखालींहि पातळ राहतें, हेंच त्यांतील मर्म. पुढें १८६६ मध्यें फ्रान्समधील लक्लांशे यानें आपल्या विद्युत्घटांत, म्हणजे ज्यास आपण बॅटरी म्हणतों तींत, नवसागराचेंच द्रावण घातलें. परंतु पारा उणे १६ च्या खालीं उतरला कीं तेंहि थिजे आणि घट निकामी होई.

मग क्षार वाढवावा, असें कोणीहि म्हणेल. पण येथें एक नवल आहे. शुद्ध पाणी शून्यावर गोठतें; शुद्ध गंधकाम्ल तर १० अंशांवरच! पुण्याच्या एखाद्या कडक पहाटे तें बाटलींतच थिजावयाचें. या दोहोंच्या मिश्रणांत शेंकडा ३७ च्या आसपास अम्ल असेल, तर मात्र तें उणे ६० अंशांवरहि पातळ राहतें. अशा सर्वांत उशिरां गोठणाऱ्या मिश्रणांस लंडनचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक फ्रेडरिक गथ्री यांनीं १८८४ मध्यें ‘यूटेक्टिक’ हें नांव दिलें. मूळ ग्रीक अर्थ ‘सहज वितळणारें’.

प्लांते यानें १८५९ मध्यें शोधलेला व आज मोटारींत दिसणारा शिशाचा घट याच प्रमाणाच्या आसपास भरतात. वीज खर्च होतांना मात्र अम्ल शिशाशीं संयोग पावतें व मागें बहुतेक पाणीच उरतें. म्हणून भरलेला घट हिमप्रदेशांत तगतो आणि रिता घट उणे ८-१० अंशांतच गोठून फुटतो. निष्काळजी मालक थंडीस दोष देतो. वास्तविक दोष रित्या घटाचा.

सध्यांच्या लिथियम घटांतील द्रव बहुधा पेट घेणारा असतो. यास्तव संशोधकांची दृष्टि पुन्हा पाण्याकडे वळली आहे. पाण्याचे रेणू हायड्रोजनच्या बंधांनीं एकमेकांस धरून बर्फाची जाळी रचतात. क्षाराचे विद्युद्भारित कण ही मिठी सोडवितात आणि पाण्यास आपल्याभोंवतीं गुंतवितात. सन २०२० मध्यें चीनमधील नानकाई विद्यापीठांतील संशोधकांनीं किलोभर पाण्यांत जवळजवळ किलोभर जस्त क्लोराइड विरघळवून उणे ९० अंशांतहि चालणारा घट सिद्ध केला. द्रावण याहून दाट केलें, तर क्षाराचेच कण एकमेकांस बिलगतात व गोठणबिंदु पुन्हा वर चढतो. गथ्रींनीं ज्यास नांव दिलें, तेंच हें प्रमाणाचें कोडें.

अडचण एक उरतेच. डाख देणारे कारागीर हेंच जस्त क्लोराइड वापरतात, कारण तें धातूवरील गंज खाऊन टाकतें. आणि असें खाणारें द्रावण घटांतील धातूंसहि सोडीत नाहीं.