इंग्लंडमधील कौन्सिल बांधकामाच्या अर्जाचा निर्णय कसा करते?

बडोद्यातील अनेक मराठी कुटुंबांतील मुले-मुली आता इंग्लंडमध्ये स्थायिक झाली आहेत. उत्सवकाळात ती येथे दर्शनास येतात, तेव्हा एक प्रश्न आमच्या कार्यालयात वारंवार विचारला जातो : "तिकडे देवालयासाठी जागा पाहिली आहे, कौन्सिल परवानगी देईल काय?" हाच प्रश्न मागे राहिलेले आईवडीलही विचारतात. सर्वांस उपयोग व्हावा म्हणून यासंबंधीची माहिती येथे एकत्र देत आहोत. ही माहिती इंग्लंडपुरती आहे; स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथील कायदे वेगळे आहेत.

प्रथम एक मूलभूत गोष्ट ध्यानी घ्यावी. तेथे जमीन आपल्या मालकीची असली, तरी तीवर बांधकाम करण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. १९४७ च्या नगररचना कायद्याने तो हक्क शासनाकडे घेतला. हा कायदा १ जुलै १९४८ पासून अमलात आला आणि तेव्हापासून नवे बांधकाम व जागेचा महत्त्वाचा वापरबदल या दोहोंसाठी परवानगी आवश्यक झाली. आपल्याकडे नकाशा विकास नियमावलीत बसला म्हणजे मंजुरीची अपेक्षा धरता येते. तेथे तसे नाही. प्रत्येक अर्ज त्याच्या गुणावगुणांवर तपासला जातो.

वापरबदलाचा मुद्दा देवालयांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा ठरतो. जुने चर्च घेऊन तेथे मंदिर केल्यास दोन्ही उपासनास्थळेच असल्यामुळे, पूर्वीच्या परवानगीत एखादी आडवी अट नसेल तर, वापरबदलाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. गोदाम घेऊन मंदिर करावयाचे असेल, तर मात्र भिंतीला हातही न लावता परवानगी घ्यावी लागते. स्वस्त मिळते म्हणून गोदाम आधी विकत घेणे आणि कायदा नंतर विचारणे हा उलटा क्रम होय, आणि तो महागात पडतो.

अर्ज जिल्हा, बरो किंवा एकात्म कौन्सिलकडे करावा लागतो. खेड्यातील पॅरिश कौन्सिल केवळ आपले मत कळवू शकते; निर्णयाचा अधिकार तिला नाही. अर्ज दाखल होताच तो सार्वजनिक नोंदवहीत येतो व कोणासही पाहता येतो. शेजाऱ्यांना पत्रे पाठवून अथवा जागेवर सूचना लावून हरकतींसाठी सामान्यतः २१ दिवस दिले जातात. एक अधिकारी जागेची पाहणी करून अहवाल तयार करतो. लहान अर्जाचा निर्णय ८ आठवड्यांत व मोठ्या अर्जाचा १३ आठवड्यांत व्हावा, अशी मुदत आहे. उभयपक्षी संमतीने ती वाढविता येते, आणि पुष्कळदा वाढतेही.

नगरसेवकांच्या समितीसमोर प्रत्येक अर्ज जातो, अशी आपल्याकडे अनेकांची समजूत आहे. प्रत्यक्षात दहांपैकी नऊहून अधिक अर्ज अधिकारीच निकाली काढतात. समितीपुढे जातात ते मोठे किंवा वादाचे अर्ज, आणि देवालयाचा अर्ज बहुधा त्यांत असतो. समितीची सभा जाहीर असते. अर्जदारास व हरकतदारास थोडा वेळ, बहुतेक ठिकाणी तीन मिनिटे, बोलू देतात. नगरसेवकाने आधीच मन पक्के करून सभेस येणे नियमबाह्य आहे. म्हणून ओळखीच्या सभासदाकडून "आमच्या बाजूने मत देतो" असे वचन घेऊ पाहणाऱ्यांनी आपल्याच अर्जाचे नुकसान होते हे समजावे.

निर्णयाची कसोटी २००४ च्या कायद्यात स्पष्ट सांगितली आहे : निर्णय स्थानिक विकास आराखड्यानुसार व्हावा, अन्य विचारार्ह बाबी विरुद्ध दिशेस नेत असतील, तरच त्याहून वेगळा. वाहतूक, पार्किंग, गोंगाट, शेजाऱ्याच्या प्रकाशास होणारा अडथळा, जुन्या वास्तूंचे व वृक्षांचे जतन या बाबी विचारार्ह होत. शेजारच्या घराची किंमत उतरेल किंवा खिडकीतून दिसणारा देखावा जाईल, या हरकती विचारार्ह नव्हेत. अर्जदार अमुक धर्माचा आहे, ही तर मुळीच नव्हे. तसेच हरकतींची केवळ संख्या निर्णायक नसते. शंभर सह्यांच्या निवेदनापेक्षा आरतीच्या वेळी रस्त्यावर किती मोटारी उभ्या राहतात याची नीट मोजलेली नोंद अधिक वजनदार ठरते. हाच न्याय अर्जदारासही लागू आहे, आणि हे आपल्या मंडळींना पटवून देणे आम्हांस सर्वांत कठीण जाते.

याचे सर्वपरिचित उदाहरण हर्टफर्डशायरमधील भक्तिवेदान्त मॅनर हे होय. लेचमोर हीथ या लहान गावातील ही वास्तू बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन यांनी १९७३ मध्ये इस्कॉनला दिली. जागेचा मान्य वापर निवासी धर्मशिक्षणाचा होता. पुढे जन्माष्टमीस हजारो भाविक येऊ लागले व गावातील अरुंद रस्ते मोटारींनी भरू लागले. मान्य वापर बदलून तेथे सार्वजनिक उपासनास्थळ झाले आहे, असे म्हणून हर्ट्समिअर कौन्सिलने १९८७ मध्ये नोटीस बजावली. १९८८ मध्ये जाहीर चौकशी झाली. १९९० मध्ये मंत्र्यांनी अपील फेटाळले. न्यायालयांतही यश आले नाही. अखेर प्रकरण युरोपीय मानवी हक्क आयोगाकडे गेले. त्याने मार्च १९९४ मध्ये तक्रार दाखल करून घेण्यास नकार दिला. धर्मस्वातंत्र्य मान्य असले तरी नगररचनेचे निर्बंध त्यामुळे गैरलागू होत नाहीत, असा त्या निर्णयाचा आशय होता.

याच काळात लंडनच्या रस्त्यांवर भाविकांचे मोठे मोर्चे निघाले. त्यांनी प्रश्न देशभर पोहोचविला, हे नाकारता येणार नाही. परंतु मूळ हरकत रस्त्याची होती व तिचे उत्तरही रस्त्यानेच दिले. गावास वळसा घालून थेट मंदिरात येणाऱ्या नव्या रस्त्याची योजना पुढे आली. तीवर पुन्हा चौकशी होऊन मे १९९६ मध्ये पर्यावरणमंत्री जॉन गमर यांनी परवानगी दिली. तो रस्ता आज 'धर्म मार्ग' या नावाने ओळखला जातो.

परवानगी बहुधा अटींसह मिळते : उघडण्या-मिटण्याच्या वेळा, ध्वनिवर्धकावर मर्यादा, उत्सवांची संख्या. या अटी बारकाईने वाचाव्यात. त्यांचा भंग झाल्यास कौन्सिल कारवाई करू शकते. अर्ज नाकारल्यास कारणे लेखी द्यावी लागतात, आणि अर्जदारास सर्वसाधारणतः सहा महिन्यांच्या आत नगररचना निरीक्षकांच्या कार्यालयाकडे अपील करता येते. त्यास शुल्क नाही. हरकतदार शेजाऱ्यास मात्र असे अपील करता येत नाही; निर्णय बेकायदेशीर आहे असे वाटल्यास सहा आठवड्यांच्या आत उच्च न्यायालयात जाणे एवढाच मार्ग त्यास उरतो.

जागेचा व्यवहार करण्यापूर्वी कौन्सिलकडून लेखी पूर्वसल्ला मागता येतो. त्यास बहुतेक ठिकाणी शुल्क आकारतात व तो कौन्सिलवर बंधनकारक नसतो. तरीही आमच्याकडे विचारणा करणाऱ्यांना आम्ही आधी तोच घेण्यास सांगतो, आणि त्या अर्जात नित्यपूजेबरोबर वर्षातील सर्वांत मोठ्या गर्दीचा दिवस व त्या दिवशी अपेक्षित मोटारींचा आकडा प्रामाणिकपणे लिहिण्यास सुचवितो.