घोड्याचा दाणा आणि माणसाचं कढण : मराठवाड्याच्या हिवाळी जेवणाचा इतिहास

(क्रांती चौक परिसरात झालेल्या सायंकाळच्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

थंडी चांगलीच पडली आहे, मफलर आणि स्वेटर घालून तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार. इथे येताना कोपऱ्यावरच्या एका गाडीवर गर्दी दिसली. कागदी पेल्यातून वाफ निघत होती, पाटीवर लिहिलं होतं ‘गरमागरम पौष्टिक सूप’. तेव्हाच ठरवलं की सुरुवात या पाटीपासूनच करायची. सूप हा शब्द आपल्याकडे बाहेरून आला. पण गरम, पातळ, कडधान्याचं पाणी वाडग्यात घेऊन प्यायचं, ही गोष्ट बाहेरून आली का? जरा शब्द आठवू. कढण, माडगं, सार, कट, आमटी, आंबील, शेंगोळ्याचा रस्सा. मराठवाड्यातल्या कुठल्याही साठीच्या पुढच्या बाईला विचारा, यातले निम्मे पदार्थ तिच्या हाताखालून गेलेले असतील. मग आपण ते विसरलो कसे? आज मी यातल्या एकाच दाण्याची गोष्ट सांगणार आहे. तो दाणा म्हणजे हुलगा. कोकणात त्याला कुळीथ म्हणतात.

ही गोष्ट या चौकापासूनच सुरू करता येते. जून १८५७मध्ये औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाने उठाव केला. दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला आपल्याला नेणार, अशी कुणकुण सैनिकांना लागली होती. उठाव मोडला गेला आणि सैनिकांना मृत्युदंड झाले. काळा चबुतरा म्हणून शहर जी आठवण सांगतं, ती याच जागेची. चौकाला क्रांतीचं नाव आहे ते त्यामुळे. आता हे घोडदळ होतं, हे लक्षात ठेवा. आणि बाहेर चौकात शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, तोही अश्वारूढ. म्हणजे इथे इतिहास घोड्यावर बसलेला आहे! त्या घोड्यांना खायला काय घालत होते, हे मात्र आपण सहसा विचारत नाही.

दख्खनच्या आणि दक्षिणेच्या फौजांमध्ये घोड्यांना हरभरा आणि कुळीथ भिजवून किंवा शिजवून द्यायची जुनी रीत होती. इंग्रजांनी कुळथाचं नावच ‘हॉर्स ग्रॅम’ ठेवलं, म्हणजे घोड्याचा हरभरा. मद्रास इलाख्यात तर नुसतं ‘ग्रॅम’ म्हटलं तरी कुळीथच समजत. नाव कोण ठेवतं यालाही महत्त्व असतं बघा. ज्यांनी हा दाणा तबेल्यात पाहिला, त्यांच्यासाठी तो घोड्याचा झाला. ज्यांच्या चुलीवर तो शिजत होता, त्यांना कोणी नाव विचारलं नाही.

पण घोड्याचा दाणा आणि माणसाचा दाणा वेगळ्या शेतातून येत नाही. हे ज्यांनी नेमकं ओळखलं, ते शिवाजी महाराज. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळ हलवर्ण इथे पागा होती, तिथल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं त्यांचं पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा : पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच बेपर्वाईने उडवाल, तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाल, कोणी दाणा आणेल, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजीपाला. आणि रयतेला वाटेल, यापेक्षा मोगल बरे. पागेच्या व्यवस्थेवरचं हे पत्र वाचता वाचता कुणब्याच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचतं. फौजेची भूक शेवटी कोणाच्या चुलीवर येऊन पडते, हे त्यात स्पष्ट आहे.

आता आणखी मागे जाऊ. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८पासून १९८३पर्यंत उत्खनन केलं. सुमारे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ती शेतकऱ्यांची वस्ती. तिथे जळालेले धान्याचे दाणे मिळाले. त्यात सातू आहे, मसूर आहे, वाटाणा आहे आणि हुलगाही आहे. ज्वारी ही मूळची आफ्रिकेतली, ती नंतर आपली झाली. मिरची तर पोर्तुगीजांबरोबर आली, तिला पाचशे वर्षंच झाली. म्हणजे आज आपण ‘अस्सल गावरान’ म्हणून भाकरी आणि ठेचा पुढे करतो, त्या दोघांपेक्षा या मातीत हुलगा जुना आहे.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत याचं नाव कुलत्थ. आणि कडधान्य शिजवून केलेल्या पातळ पेयाला तिथे शब्द आहे ‘यूष’. मंड, पेया, विलेपी, यूष, अशी पातळ-घट्टपणावरून केलेली वर्गवारीच आहे. कुलत्थाचा गुण उष्ण सांगितला आहे, आणि हेमंत ऋतूत अग्नी प्रबळ असतो म्हणून स्निग्ध, पचायला जड अन्न घ्यावं, असंही सांगितलं आहे. मी वैद्य नाही, त्यामुळे कोणी काय प्यावं हे मी सांगणार नाही. मुद्दा एवढाच की सूपला आपल्याकडे फार जुना शब्द होता, फार जुनी पद्धत होती.

मग हिवाळ्यातच का? ‘थंडीत उष्ण खावं’ हे उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं शेतात आहे. हुलगा हलक्या, मुरमाड जमिनीत येतो. पाऊस लांबला, मुख्य पेरणी हुकली, तरी उशिरा टाकला की पदरात काहीतरी पडतं. आणि तो खळ्यावर येतो थंडीच्या तोंडाशी. त्याच वेळी काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी आणि हरभरा उभा असतो, पावसाने जमिनीत मुरवलेल्या ओलीवर. पौषात ज्वारीचं कणीस दुधात भरलं की हुरडा. गोवऱ्यांच्या आरात भाजायचा, हातावर चोळायचा. सुरती, गूळभेंडी, कुचकुची ही नुसती हुरड्यासाठी राखलेली वाणं. हरभऱ्याला घाटे आले की सोलाणे. लातूर-धाराशिवकडे येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. सगळं गाव शेतात, आंबील, भज्जी आणि उंडे. मग संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आणि सोलाणे, पावटा, वांगं, गाजर, बोरं अशी जे शेतात असेल त्याची एक भाजी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ म्हणतात ना, ते त्यामुळे. हिवाळा हा वर्षातला असा काळ, की शेतात हिरवं आणि कणगीत नवं, दोन्ही एकदम असतं. उन्हाळ्यात आणि आषाढ-श्रावणात हे मिळत नसे. म्हणून मिळतं तेव्हा खाऊन घ्यायचं. आरोग्याच्या सल्ल्याआधी हा पिकांचा हिशेब होता.

आता शेंगोळे कसे करतात, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं पीठ किंवा कणीक, लसूण, जिरं, हळद, तिखट, मीठ. घट्ट मळायचं. हातावर लांबट वळून त्याची कडी करायची. लसणाच्या फोडणीचं पाणी उकळलं की त्यात सोडायची, आणि थोडं पीठ कालवून लावायचं, म्हणजे रस्सा दाट होतो. झालं. भाकरी नसली तरी जेवण पुरं होतं. माडगं त्याहून सोपं. हुलगे भाजून दळायचे, पीठ पाण्यात कालवून उकळायचं, गूळ घालून गोड किंवा लसूण-जिरं घालून तिखट. १०० ग्रॅम हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. एक चूल, एक भांडं, मूठभर पीठ, आणि पाच माणसं ऊब घेऊन उठतात.

याच शहरात, दरवाज्यांच्या आत, दुसरं एक पातेलं रटरटत होतं. नहारी, पाया आणि औरंगाबादचा नान-कलिया. तुघलकाने १३२७च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, त्या लष्कराबरोबर नान-कलिया आला, असं इथे सांगतात. ती कथा म्हणूनच घ्या. पण नहारी या शब्दात दिवसाचा, सकाळचा अर्थ आहे. रात्रभर मंद आचेवर शिजवायचं आणि थंडीच्या पहाटे कामावर जाण्याआधी खायचं. पायासारखा स्वस्त भाग, भरपूर पाणी, मंद विस्तव. वेशीबाहेरच्या माडग्याचं आणि वेशीआतल्या नहारीचं गणित एकच आहे. थोडक्यातून जास्तीत जास्त माणसांना पोटभर आणि गरम कसं द्यायचं?

इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल, काय सुंदर काळ होता. नाही हो, तसं मुळीच नव्हतं. डिंकाचे लाडू कोणाच्या घरी होत होते? हुरड्याच्या पार्टीला कोण बसत होतं, आणि कणसं कोण खुडून आणत होतं? ज्याला रान नाही, मजुरीच धान्यात मिळते, त्याच्या घरी कढण रोजचं होतं, कारण दाणे कमी आणि तोंडं जास्त. पाणी वाढवलं की पुरवठा येतो. आणि शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला बहुतेक पाणीच येई. हुलग्याला गरिबीचा वास लागला तो असा. माझी आजी शेंगोळे फार छान करायची. पण पाहुणा दारात दिसला की पातेल्यावर झाकण आणि पातेलं कोपऱ्यात. मी विचारलं तर म्हणायची, “पाव्हण्यासमोर हुलगं ठेवू का रे बाबा? लोक काय म्हणतील?” मग शेजारून उसनी कणीक आणून पोळ्या. घरातलं चांगलं अन्न लपवायचं आणि उसनं आणून वाढायचं. ही लाज कोणत्याही दुष्काळात मोजली गेली नाही.

आणि मग १९७२ आलं. सभागृहातल्या ज्येष्ठांना मी काय सांगणार! खडी फोडणं, पाझर तलाव, रस्ते. मे १९७३मध्ये राज्यात ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. कामावर सुकडी मिळायची. रेशनला अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळायची, तिच्या भाकरीच्या चवीबद्दल लोक आजही तोंड वाकडं करतात. पण त्या सुकडीने आणि मिलोने माणसं जगली, हे कबूल केलं पाहिजे. त्याच अनुभवातून रोजगार हमी उभी राहिली, १९७७मध्ये तिचा कायदा झाला.

पण जगवण्याच्या या व्यवस्थेने ताटही बदललं. १९६४मध्ये सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. उतारा चांगला, पण कडबा कमी, पावसात कणसं काळी पडायची, आणि भाकरीला मालदांडीची चव नाही. पुढे रेशनवर गहू आणि तांदूळ स्थिरावले. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद होती, तरी दुकानात मुख्यतः गहू-तांदूळच आला. पैठणला जायकवाडी झालं, कालव्याखाली ऊस आला. खरिपात सोयाबीन पसरलं. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. सोयाबीनला बाजार आहे. हमीभावाच्या यादीत तूर, मूग, उडीद, हरभरा आणि मसूर ही पाच कडधान्यं आहेत. हुलगा नाही. २०१६ हे संयुक्त राष्ट्रांचं कडधान्य वर्ष झालं, २०२३ भरडधान्य वर्ष झालं, भाषणं झाली, प्रदर्शनं झाली. एकरी दोन-अडीच क्विंटल येणारं, हमीभाव नसलेलं पीक कोणी कशासाठी पेरावं?

म्हणून माझं म्हणणं थोडकं आहे. हिवाळ्याचं पौष्टिक खाणं म्हणून आज जे महाग पाकिटात विकलं जातं, ते आपल्याकडे कष्टकऱ्यांनी, त्यातही बायकांनी, टंचाईतून घडवलेलं ज्ञान आहे. त्या ज्ञानाची लाज त्यांनाच वाटायला लावली गेली. आता चव परत येते आहे, ते चांगलंच आहे. पण पदार्थ परत आला आणि पिकवणारा परत आला नाही, तर पाटीवर ‘कुळीथ सूप’ असेल आणि हुलगा कुठून तरी दुसरीकडून आलेला असेल.

या आठवड्यात एक करा. औरंगपुऱ्यात, जाधववाडीत, किंवा शेतकरी थेट विकायला बसतात त्या बाजारात जा. दोन किलो हुलगा मागा. नसेल तर पुढच्या वेळी आणाल का, असं विचारा. विचारणारे दहा जण झाले की कोणीतरी पेरतो, बाजार तसाच चालतो. आणि घरात आई, सासू, आजी असेल, तर तिला शेंगोळे करायला सांगू नका. तिच्या शेजारी बसा, वळायला शिका. पाहुणे आले, तर पातेल्यावर झाकण ठेवू नका.

आता प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या काकू केव्हापासून हात वर करून आहेत, मला वाटतं माझ्या शेंगोळ्याच्या कृतीत काहीतरी चुकलं आहे. बोला काकू, आधी तुम्ही.