ताप, कर्ज आणि क्लेम : जालना परिसरातील एका शब्दव्यवहाराचा इतिहास

मराठीत इंग्रजी शब्दांचा प्रश्न बहुधा शुद्धाशुद्धतेच्या चौकटीत चर्चिला जातो. परकीय शब्द स्वीकारावेत की त्यांना प्रतिशब्द घडवावेत, एवढ्याच द्वंद्वात ही चर्चा दीर्घकाळ अडकून पडली आहे. परंतु आजारपण आणि पैसा ही जीवनाची दोन क्षेत्रे अशी आहेत, की तेथे शब्दाची निवड हा रुचीचा प्रश्न राहत नाही. ज्याला दुखते आहे किंवा ज्याला देणे आहे, तो माणूस दुसऱ्याच्या दारात उभा असतो. आणि दार ज्याचे, भाषा त्याची, असा व्यवहार असतो. म्हणून या दोन क्षेत्रांतील शब्दांचा इतिहास हा एका अर्थी परावलंबनाचा इतिहास ठरतो. जालना जिल्ह्याचा परिसर या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. कारण येथे मराठीवर एकामागून एक निरनिराळ्या सत्ताभाषांचे थर चढले आणि प्रत्येक थराने या दोन क्षेत्रांत आपले शब्द मागे ठेवले.

आरंभ याच जिल्ह्यातील एका ग्रंथकारापासून करता येईल. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे आजच्या घनसावंगी तालुक्यातील. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्रिविध तापांचे निरूपण आहे आणि त्यातील आध्यात्मिक तापाच्या समासात शरीराच्या व्याधींची प्रदीर्घ यादी येते. खरूज, नारू, देवी, गोवर असे शब्द तेथे एकामागून एक येतात. ही यादी वैद्याची नव्हे. ती भोगणाऱ्याची यादी आहे. तिच्यातील बहुतेक शब्द घरात, शेतात, बाळंतिणीच्या खोलीत बोलले जाणारे आहेत. शिवाय देहाचे दुखणे आणि मनाची चिंता यांना रामदास एकाच 'ताप' या संकल्पनेखाली आणतात. दुःखाची ही परिभाषा अध्यात्माच्या सोयीसाठी रचलेली असली, तरी तिच्यातील शब्दांवर बोलणाऱ्याची मालकी आहे, ही बाब महत्त्वाची.

रोगांची नावे अशी देशी राहिली. पण रोगावरील व्यवस्थेचे आणि पैशाच्या हिशेबाचे शब्द मात्र फार पूर्वीच फारसी-अरबीतून आले होते. दवा, इलाज, जखम, जुलाब, हकीम. तसेच कर्ज, जमा, खर्च, बाकी, वसूल, जामीन, हप्ता, तगाई. शिवकाळात रघुनाथ पंडितांच्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा मोठा प्रयत्न केला. दरबारी पदांच्या बाबतीत त्याचा काही परिणाम झाला असेल; परंतु कर्ज आणि बाकी हे शब्द काही हलले नाहीत. माधव जूलियन यांच्या १९२५च्या फारसी-मराठी कोशाची पाने चाळली तरी या शब्दांची मुळे मराठीत किती खोल गेली आहेत हे कळून येते. 'कर्जबाजारी', 'थकबाकी', 'जमाखर्च' हे समास फारसीच्या दरबारात घडले नाहीत. ते मराठी बोलणाऱ्यांनी घडवले. उसना शब्द पचला की नाही याची खरी कसोटी हीच, की बोलणारे त्याला आपल्या शब्दाशी जोडून तिसरा शब्द निर्माण करू शकतात काय.

मात्र या पचलेल्या शब्दांवरून जुना व्यवहार समान पातळीवरचा होता असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आरंभ झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून मुख्यतः एकच वस्तू मागितली आणि जाळली : कर्जाची खते. 'कर्ज', 'व्याज', 'गहाण' हे शब्द धनको व ऋणको या दोघांच्याही तोंडी होते. पण मोडीतले खत वाचण्याचे सामर्थ्य बहुतांशी एकाकडेच होते. बोली सामायिक आणि लेख एकाच्या हाती, अशी ती विषमता होती. तरीही आपले देणे कोठे वास करते हे त्या शेतकऱ्याला नेमके ठाऊक होते. ते कागदात होते, आणि तो कागद कोणाच्या पेटीत आहे हेही त्याला ठाऊक होते. हा तपशील पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवा.

ब्रिटिश मुलखात १८७५मध्ये हे घडत असता जालना निजामाच्या राज्यात होते. तेथील भाषिक परिस्थिती वेगळी होती. १८८४च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. हैदराबादेत १८४६मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेत आरंभी शिक्षण उर्दूतून दिले जाई; पुढे तेथे इंग्रजी आली. उस्मानिया विद्यापीठाने १९१८पासून उर्दूला उच्च शिक्षणाचे माध्यम केले आणि त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उभारले. आधुनिक ज्ञान भारतीय भाषेतून देण्याचा तो एक मोठा प्रयोग होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु जालन्याच्या मराठी शेतकऱ्याच्या दृष्टीने ती देशी भाषा देखील कचेरीचीच भाषा होती. मुंबई इलाख्यात याच काळात ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१पासून मराठीतून वैद्यक शिकवणारा वर्ग चालू झाला होता आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारखे लेखक मराठीत वैद्यकीय ग्रंथ लिहीत होते. मराठवाड्यातील मराठीला त्या प्रयोगाचा लाभ मिळाला नाही. १९३७मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूर येथे, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातच, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. नागरी हक्कांची आणि मातृभाषेची आकांक्षा तेथे एकत्र आली, यामागे ही पार्श्वभूमी आहे.

इंग्रजी शब्दांचा येथील पहिला प्रवेश मर्यादित वाटांनी झाला. जालन्यात एकोणिसाव्या शतकात इंग्रजी फौजेची छावणी होती; त्याच शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने येथे मिशनचे कार्य उभारले आणि जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसवली. पण सामान्य माणसाच्या बोलण्यात रुग्णालय हे 'दवाखाना'च राहिले, आजही आहे. पैशाच्या बाबतीत तर राज्याचे चलनच वेगळे होते. निजामाचा हाली सिक्का आणि ब्रिटिशांचा कलदार रुपया असे दोन रुपये व्यवहारात असत आणि सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब चाले. एकाच 'रुपया' या शब्दाचे दोन अर्थ सांभाळणारा हा समाज शब्द आणि मूल्य यांतील अंतर चांगलेच ओळखून होता.

१७ सप्टेंबर १९४८नंतर, आणि विशेषतः १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यानंतर, चित्र पालटले. कचेरीची भाषा उर्दूवरून, इंग्रजीच्या आधारे, मराठीकडे आली. १९६०मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४चा राजभाषा अधिनियम आला, पदनामांचे आणि परिभाषांचे कोश सिद्ध झाले. या उद्योगाची थट्टा करणे सोपे आहे. ती पुष्कळांनी केलीही. परंतु त्याचे खरे वैगुण्य शब्द अवघड असण्यात नव्हते. ही मराठी इंग्रजी संज्ञेच्या सावलीत घडत होती. प्रत्येक शब्दामागे एक इंग्रजी शब्द उभा होता आणि अर्थाचा अंतिम निर्णय त्याच्याकडे होता. मराठवाड्यातील आणि विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची प्रकरणे शासनदरबारी 'पात्र' व 'अपात्र' अशा दोन रकान्यांत नोंदवली जातात. दोन्ही शब्द अस्सल संस्कृत आहेत. पण त्यांतील आशय मदतीच्या निकषांचा आहे. आणि मरणाला 'अपात्र' हे विशेषण लागते तेव्हा ते ऐकणाऱ्या घराला कोणतीही परकीय संज्ञा जितकी परकी वाटेल तितकाच तो शब्द परका वाटतो. शब्दाचे कुळ स्वकीय असले म्हणजे व्यवहार स्वकीय होतो असे नाही, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

याउलट, शब्दाच्या अर्थासाठी लोकांनी भांडल्याचेही उदाहरण आहे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'कर्जमाफी' या शब्दाला हरकत घेऊन 'कर्जमुक्ती' या शब्दाचा आग्रह धरला. माफी अपराध्याला मिळते; शेतमालाला रास्त भाव न मिळाल्यामुळे साचलेले कर्ज हा शेतकऱ्याचा अपराध नव्हे, असा त्यामागील युक्तिवाद होता. २०१९च्या शासकीय योजनेच्या नावातच 'कर्जमुक्ती' हा शब्द आला. योजनेचा लाभ कोणास किती झाला हा प्रश्न वेगळा. परंतु रस्त्यावरचा शब्द सरकारी कागदावर चढला, ही भाषेच्या इतिहासातील लहान घटना नव्हे. येथे भांडण शक्य झाले, कारण कर्ज, माफी आणि मुक्ती या तिन्ही शब्दांचे अर्थवलय शेतकऱ्याच्या मुठीत होते.

आजची इंग्रजी शब्दावली या पार्श्वभूमीवर पाहावयास हवी. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. बियाणे उद्योग, पोलाद कारखाने, राष्ट्रीयीकृत बँका आणि खाजगी रुग्णालये यांच्याबरोबर शब्दांचा नवा थर आला. आरोग्याच्या क्षेत्रात लोकांनी या शब्दांशी जे केले ते मनोज्ञ आहे. 'त्यांना बीपी आहे' किंवा 'आईला शुगर आहे' ही वाक्ये इंग्रजीच्या दृष्टीने निरर्थक आहेत. रक्तदाब आणि रक्तातील साखर कोणाला नसते? मराठीत मात्र त्यांना रोगाचा अर्थ चिकटला. 'अटॅक' म्हणजे हृदयाचाच. २०२०च्या साथीत 'पॉझिटिव्ह' या शब्दाने घरे हादरली आणि 'निगेटिव्ह'ने सुस्कारा दिला. 'विलगीकरण' शासकीय पत्रकात राहिले, 'क्वारंटाईन' लोकांच्या तोंडी. या शब्दांना मराठीने लिंग दिले, क्रियापदे दिली : शुगर वाढते, बीपी हाय होतो, सलाईन लावतात. काही ठिकाणी इंग्रजी शब्दाने आडोसाही दिला. 'क्षय' म्हटल्यावर मुलीचे लग्न अडायचे. 'टीबी' थोडे कमी बोचरे होते. हा आडोसा तात्पुरता असतो, कारण कलंक शब्दाचा पाठलाग करीत येतोच; तरी त्याची गरज नाकारता येत नाही.

पैशाच्या क्षेत्रातही 'लोन' हा असाच आडोसा आहे. सावकाराचे ते 'कर्ज' आणि बँकेचे ते 'लोन', असा एक सूक्ष्म भेद बोलण्यात रुळला. कर्जाला जी लाज चिकटलेली आहे ती लोनला नाही. ट्रॅक्टर 'लोनवर' घेतला हे सांगताना आवाज खाली जात नाही. पण फेडीच्या दिवशी पुन्हा जुना 'हप्ता' येतो, आणि चुकला की 'थकबाकी'. घेताना इंग्रजी आणि देताना फारसी-मराठी, अशी ही विभागणी उगाच झालेली नाही. घेताना माणूस संस्थेच्या भाषेत बोलतो, भोगताना आपल्या.

अडचण होते ती अशा शब्दांपाशी, ज्यांना बोलणाऱ्यांनी स्वीकारले पण ज्यांच्या आत त्यांना प्रवेश मिळाला नाही. 'सिबिल खराब आहे' हे वाक्य आज खेड्यातही ऐकू येते. ज्या संस्थेच्या आद्याक्षरांतून हा शब्द घडला तिचे नाव बोलणाऱ्यास ठाऊक नसते. तो आकडा कसा ठरतो हे तर नाहीच. १८७५च्या शेतकऱ्याचे खत पेटीत होते. आजच्या शेतकऱ्याची पत कोणत्या पेटीत आहे हे त्याला सांगता येत नाही. रुग्णालयातही आरोग्य व पैसा यांचा संगम आता 'पॅकेज' आणि 'क्लेम' या शब्दांत होतो. शासनाच्या आरोग्य योजनेत आजार 'बसतो' की नाही, असा प्रश्न विचारला जातो. 'बसणे' हे क्रियापद मात्र पूर्णपणे मराठी आहे आणि त्याने व्यवस्थेचे अचूक वर्णन केले आहे : साचा आधी ठरलेला, दुखण्याने त्यात मावावयाचे. शस्त्रक्रियेपूर्वी संमतीच्या कागदावर सही देणाऱ्या नातेवाइकाला ज्या शब्दांचा अर्थ विचारता येत नाही, त्या शब्दांवरील संमतीला संमती म्हणावे काय, हा प्रश्न वैद्यकाचा आणि कायद्याचा तर आहेच. तो भाषेच्या समीक्षेचाही आहे.

मराठी समीक्षेने या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. महात्मा फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३च्या ग्रंथात निरनिराळ्या सरकारी खात्यांची नावे जशी येतात, तशी ती शेतकऱ्यावर पडणाऱ्या ओझ्याची नावे म्हणून येतात. तेथे शब्द हाच पुरावा आहे. जालन्याच्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'पर्यंत शेतकऱ्याच्या अर्थव्यवहाराचे चित्रण करणारी एक सशक्त परंपरा आपल्याकडे आहे. परंतु ग्रामीण कादंबरीतील पात्राच्या तोंडी इंग्रजी शब्द आला, की आपण त्याला बोलीचा रंग म्हणतो किंवा बदलत्या खेड्याची खूण म्हणून सोडून देतो. तो शब्द कोणी प्रथम उच्चारला, पात्राने तो कोणाकडून उचलला, त्याचा अर्थ संवादातील कोणत्या माणसाजवळ आहे, हे विचारले तर कथनातील सत्तासंबंध अधिक स्पष्ट होतील.

प्रतिशब्दांचे नवे कोश हा यावरील उपाय नव्हे, आणि जे येईल ते येऊ द्यावे ही उदासीनताही नव्हे. २००५मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानात गावोगावी एक कार्यकर्ती नेमली गेली. तिच्या इंग्रजी पदनामाच्या आद्याक्षरांतून 'आशा' हा शब्द सिद्ध झाला. गावाने त्याला 'ताई' जोडले आणि शासकीय आद्याक्षरांतून एक बाई उभी राहिली, जिला दारातून हाक मारता येते आणि जिला कागदावर काय लिहिले आहे हे विचारता येते. 'कर्जबाजारी' ज्या रीतीने घडला त्याच रीतीने 'आशाताई' घडली. 'सिबिल' आणि 'क्लेम' या शब्दांना अजून कोणी आपला शब्द जोडलेला नाही. तो जोडला जाण्यासाठी आधी त्या शब्दांमागच्या माणसाला प्रश्न विचारण्याची सोय असावी लागेल. आणि ती सोय कोशकाराला एकट्याने करून देता येणार नाही.